मोटरहोमची डिकी: जागेआधी वजन संपते

आमचे मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, फोर्डच्या एफ-५३ चॅसीवर, म्हणजे चाकांसकट येणाऱ्या सांगाड्यावर, बांधलेले, पेट्रोलवर चालणारे आणि सुमारे ३३ फूट लांबीचे आहे. त्याच्या राहत्या जमिनीखाली दोन्ही अंगांना बाहेरून उघडणारे जे कप्पे आहेत, त्यांना इथे अमेरिकेत बेसमेंट म्हणतात आणि आमच्या घरात डिकी. ओहायोतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींपैकी काहींनी अलीकडे अशा जुन्या गाड्या घेतल्या आहेत, आणि गाडी अंगणात येऊन उभी राहिली की त्यांचा मला पहिला फोन येतो तो प्लास्टिकची खोकी कोणती आणि किती घ्यावीत, हे विचारायला. मी त्यांना आधी वजनकाट्यावर पाठवते. डिकी लावण्याचे काम दुकानातल्या खोक्यांपासून सुरू केले, तर ते पहिल्याच मोठ्या सहलीत पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, असे माझे मत आहे, आणि ते का, हे जरा तपशिलाने मांडावेसे वाटते.

अलीकडच्या मोटरहोममध्ये बनवणाऱ्याने एक छापील पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन या गाडीत असावे, याचा आकडा त्या पट्टीवर किलो आणि पौंड अशा दोन्ही मापांत असतो, आणि पाण्याची टाकी पूर्ण भरली तर तिचे वजन किती होईल, हेही तिथेच दिलेले असते. आमच्या पट्टीवरचा आकडा १,००० किलोच्या आसपास आहे, म्हणजे सुमारे २,२०० पौंड. ऐकायला हे भरपूर वाटते. परंतु त्यातून आम्हा चौघांचे २८० किलो वजा केले आणि ५० गॅलन पाण्याचे जवळजवळ १९० किलो वजा केले, की ५३० किलो उरतात. भांडी, किराणा, अंथरुणे, कपडे, मुलांची पुस्तके आणि खेळ, यांत त्यातला निम्म्याहून अधिक भाग वरच्या मजल्यावरच खर्च होतो, आणि डिकीच्या वाट्याला फार तर २५० किलो येतात.

आता जागेचा हिशेब पाहू. आमचे सगळे कप्पे मिळून १०० घनफुटांच्या आसपास, म्हणजे सुमारे २,८०० लिटर भरतात. घडीच्या खुर्च्या, दोर, चटया, शेगडी, अवजारे, पाण्याच्या नळ्या असे पोकळ आणि भरीव सामान एकत्र धरून एका लिटर जागेत अवघे २०० ग्रॅम वजन बसते असे मानले, तरी पूर्ण भरलेल्या डिकीचे वजन ५६० किलो होईल. म्हणजे कप्पे निम्मेसुद्धा भरलेले नसताना गाडी आपल्या मर्यादेला येऊन ठेपलेली असते, आणि डोळ्यांना मात्र अजून बरीच जागा शिल्लक दिसत असते. गाडी विकणारा दुकानदार घनफूट सांगतो, कारण ग्राहक ते दारे उघडून पाहू शकतो. किलो कोणी सांगत नाही. डिझेल पुशर जातीच्या, म्हणजे मागच्या बाजूला डिझेल इंजिन असलेल्या, मोठ्या गाड्यांत एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत आरपार जाणारे प्रशस्त कप्पे असतात आणि त्यांची वजन पेलण्याची ताकदही बहुधा जास्त असते. आमच्यासारख्या पेट्रोलवरच्या गाड्यांत चॅसीच्या दोन लांब पोलादी तुळया मध्ये येत असल्यामुळे कप्पे दोन्ही बाजूंना लटकवल्यासारखे आणि कमी खोलीचे असतात. दोन्हींमध्ये सामान भरण्याचा मोह सारखाच.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी एक कप्पा नुसताच पुसून बंद करते आहे, हे पाहून त्या म्हणाल्या, "अगं, एवढी जागा मोकळी आहे, तर तांदळाची गोणी आणि मोठा कुकर खालीच राहू दे की. वर किती अडचण होते!" मी म्हटले, "आई, जागा आहे हो, पण गाडीला तेवढं वजन झेपत नाही." त्यांना ते पटलेले दिसले नाही. एवढी थोरली गाडी वीस पौंडांच्या तांदळाने वाकेल कशी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण वीस-वीस पौंडांच्या प्रत्येक वस्तूबद्दल तोच प्रश्न विचारता येतो, आणि डिकी अशीच भरत जाते.

एकूण वजनाइतकेच महत्त्वाचे आहे ते वजन कुठे पडते हे. आमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर २२८ इंच, म्हणजे ५.८ मीटर आहे, आणि मागच्या चाकांच्या पलीकडेही गाडीचा बराच मोठा भाग लोंबता राहतो. त्या लोंबत्या भागातला शेवटचा कप्पा चांगला खोल असतो, त्यामुळे अवजारांची पेटी, साखळ्या, जॅक असे सगळे जड सामान तिथे जाऊन बसते. मागच्या अ‍ॅक्सलपासून, म्हणजे चाकांच्या आसापासून, दोन मीटर मागे १०० किलो वजन ठेवले, तर तरफेच्या साध्या नियमाने मागच्या चाकांवर १३५ किलोंच्या आसपास भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा सुमारे ३५ किलोंनी कमी होतो. पुढची चाके हलकी झाली की शेजारून मोठा ट्रक गेल्यावर किंवा आडवा वारा आल्यावर गाडी भरकटते आणि चालवणारा दिवसभर चाक सावरत बसतो. महागडे स्टिअरिंगचे सुटे भाग बसवून घेण्याआधी लोकांनी एकदा मागचा कप्पा रिकामा करून गाडी चालवून पाहावी, अशी माझी सूचना असते. आमच्या त्या कप्प्यात फक्त फुगवायच्या नावा, पोहण्याची जाकिटे आणि जास्तीच्या उशा अशा हलक्या, पण जागा खाणाऱ्या वस्तू असतात. जड वस्तू दोन्ही अ‍ॅक्सलच्या मधल्या कप्प्यांत, आणि त्यांतही शक्य तितक्या तळाशी.

वजन करण्यासाठी खास कुठे जावे लागत नाही. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल कंपनीचे मोठे काटे असतात. गाडी अशी उभी करायची की पुढची चाके काट्याच्या एका पट्ट्यावर आणि मागची दुसऱ्या पट्ट्यावर येतील, मग खांबावरचे बटण दाबून आतल्या माणसाशी बोलायचे आणि छापील चिठ्ठी घ्यायची. तिच्यावर प्रत्येक अ‍ॅक्सलचे वजन वेगळे आणि एकूण वजन वेगळे येते. ते आकडे चालकाच्या आसनाजवळच्या दुसऱ्या पट्टीवरील अ‍ॅक्सलच्या मर्यादांशी ताडून पाहायचे. मात्र जायचे ते पाण्याची टाकी भरून, सर्व माणसे बसवून आणि सहलीचे खरे सामान चढवून; रिकाम्या गाडीचे वजन जाणून काही उपयोग नाही. हा काटा डाव्या-उजव्या बाजूंचा फरक दाखवत नाही. त्यासाठी एकेका चाकाचे वजन करणारी सोय लागते, आणि ती टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टन येथे मुख्यालय असलेल्या एस्केपीज या आर. व्ही., म्हणजे मोटरहोमसारख्या फिरत्या घरांच्या, चालकांच्या संस्थेकडे आहे. आमच्या गाडीत स्वयंपाकाचा ओटा आणि सोफा असलेला स्लाइड-आउट, म्हणजे मुक्कामी भिंतीसकट बाहेर सरकणारा भाग, डाव्या बाजूला आहे, त्यामुळे डावी बाजू मुळातच जड आहे आणि आम्ही डिकीतले वजन उजवीकडे झुकते ठेवतो. एकाच अ‍ॅक्सलवरच्या सर्व टायरांत हवा सारखीच ठेवायची असते, आणि ती जास्त वजन पेलणाऱ्या बाजूला पुरेल इतकी. त्यामुळे एक बाजू विनाकारण जड असेल, तर त्या अ‍ॅक्सलवरच्या सगळ्याच टायरांत तिच्यापायी जास्त हवा भरावी लागते.

वजनाचा विचार झाला की मग कोणत्या वस्तूला कोणती बाजू, हे ठरवणे आश्चर्य वाटावे इतके सोपे होते, कारण इथल्या गाड्यांची आणि कॅम्पग्राउंडांची रचनाच ते सांगते. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्यामुळे माणसांचे दार आणि त्यावरचे कापडी छत उजवीकडे असते, आणि पाणी, वीज व सांडपाण्याच्या जोडण्या डावीकडे. कॅम्पग्राउंडमधले वाहन लावायचे भूखंडही याच गृहीतावर आखलेले असतात: नळ, विजेची पेटी आणि सांडपाण्याचे तोंड तुमच्या डाव्या हाताला, टेबल आणि शेकोटीची जागा उजव्या हाताला. म्हणून डावी बाजू ही कामाची बाजू आणि उजवी बाजू ही बसण्या-खाण्याची. खुर्च्या, जमिनीवर अंथरायची मोठी चटई, घडीचे टेबल, कंदील, बॅडमिंटनच्या रॅकेटी या वस्तू उजवीकडे. नळ्या, केबल, हातमोजे, हवेच्या दाबाचा मापक डावीकडे. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती लिहायची काय गरज, असे वाटेल. पण मी कितीतरी गाड्यांभोवती माणसांना एक वस्तू एका बाजूने आणि तिची जोडीदार वस्तू दुसऱ्या बाजूने काढत ३३ फुटांच्या गाडीला अंधारात प्रदक्षिणा घालताना पाहिले आहे.

खासगी बसच्या पोटात सामान टाकले, की ते पुण्याला आत जाते आणि नागपूरला बाहेर येते. मधे त्याला कोणी हात लावत नाही. मोटरहोमच्या डिकीचे तसे नसते. इथे रोज नवा मुक्काम, आणि प्रत्येक मुक्कामी वस्तू ठरलेल्या क्रमाने लागतात, म्हणून मी तो क्रमच कप्प्यांत उतरवला आहे. गाडी थांबल्यावर सगळ्यात आधी चाकांना लावायचे ठोकळे आणि गाडी समतल करणाऱ्या जॅकखाली ठेवायची लाकडी फळकुटे लागतात, तेव्हा ती दाराच्या अगदी जवळच्या कप्प्यात, तीही कडेला. गाडी समतल झाली की वीज: केबल, तिच्याआधी लावायचे विजेचा दाब तपासणारे उपकरण आणि ३० व ५० अँपिअरच्या खोबणींसाठीचे जोडतुकडे. ही तीन एकाच ठिकाणी असायला हवीत, कारण ५० अँपिअरची सोय असलेली जागा मिळेल की ३० अँपिअरची, हे कित्येकदा तिथे पोहोचल्यावरच कळते. मग पाणी. सांडपाण्याची नळी आम्ही मुक्काम लांबणार असेल तरच लावतो. हे सगळे झाल्यावर स्लाइड-आउट बाहेर सरकतो, आणि इथे एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे सरकलेल्या स्लाइड-आउटच्या खाली जे कप्पे येतात, त्यांची वर उघडणारी दारे पूर्ण उघडत नाहीत. त्यांतली वस्तू काढायची तर पाठ वाकवून खाली शिरावे लागते, आणि पाऊस पडून गेला असेल तर वरच्या कापडावर साठलेले पाणी नेमके मानेवर येते. आमच्या त्या कप्प्यांत म्हणून दोनच प्रकारच्या वस्तू आहेत: स्लाइड-आउट बाहेर काढण्याआधीच लागणाऱ्या, आणि सहलीत बहुधा न लागणाऱ्या, म्हणजे सुटे पट्टे, फ्यूज, जास्तीचे इंजिन ऑइल, टायर अडकलाच तर लागणारा जाड दोर.

ओल्या आणि घाण वस्तूंच्या बाबतीत मी कर्मठ आहे. पिण्याच्या पाण्याची नळी आणि सांडपाण्याची नळी एका कप्प्यात राहणार नाहीत, मग कितीही अडचण होवो. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी किंवा निळी घ्यावी आणि संडासाची टाकी धुण्यासाठी वेगळी, नारिंगी किंवा करड्या रंगाची, म्हणजे घाईत पाहुण्याच्या हातूनही अदलाबदल होत नाही. पिण्याच्या नळीतले पाणी काढून टाकल्यावर तिची दोन टोके एकमेकांना जोडून ठेवली, की आत किडा-मुंगी शिरत नाही आणि उरलेले थेंब खोक्यात सांडत नाहीत. सांडपाण्याची तीन इंची घडीची नळी कितीही धुतली तरी तिला कोरड्या डिकीत जागा देऊ नये. निघताना आधी संडासाची काळी टाकी आणि मग आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची करडी टाकी रिकामी केली, तर दुसऱ्या पाण्याने नळी आतून बरीचशी धुतली जाते हे खरे, पण बरीचशीच. काही जण बांधकामाच्या दुकानात मिळणारा कुंपणाचा पाच इंची चौकोनी पी. व्ही. सी. खांब कापून गाडीच्या खाली बाहेरच्या बाजूने बसवतात, त्याला दोन्हीकडे झाकणे लावतात आणि नळी त्यात सरकवतात. खांब घेताना नळीचे तोंड सोबत न्यावे, कारण नळी तीन इंचांची असली तरी तिच्या टोकांचे जोड त्याहून रुंद असतात. आम्ही तेच केले आहे. रबरी हातमोजे, जंतुनाशक आणि पारदर्शक जोडनळी एका लहान झाकणाच्या बादलीत त्याच बाजूला असतात, आणि त्या बादलीला दुसऱ्या कुठल्याही कामासाठी हात लावायचा नाही, हे मुलांनाही ठाऊक आहे.

काही वस्तूंना डिकीत जागाच नाही. पेट्रोलचा डबा नाही. बंद कप्प्यात त्याची वाफ साठते आणि शेजारच्या कप्प्यात ठिणगी पडू शकेल अशी उपकरणे असतात. स्वयंपाकाच्या प्रोपेनची मूळ टाकी स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात असते आणि त्या कप्प्याला तळाशी भोके असतात, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली उतरतो. ती भोके चटईच्या तुकड्याने किंवा मातीने बुजलेली नाहीत ना, हे पाहिले पाहिजे, आणि त्या कप्प्यात जागा शिल्लक दिसली म्हणून शेकोटी पेटवायचे सामान कोंबू नये. शेगडीचे छोटे सिलिंडरही मी कोरड्या, हवा न खेळणाऱ्या कप्प्यात ठेवत नाही. शिशाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, तेव्हा त्यांच्या कप्प्यातही इतर सामान नको. इन्व्हर्टरभोवती गरम हवा बाहेर जायला मोकळी जागा हवी. उलट, एक वस्तू डिकीत असावी असे मला वाटते आणि ती फारशी कुणाकडे नसते: आग विझवण्याचे दुसरे उपकरण. पहिले आत दाराशी असतेच, पण आग आतच लागली तर ते घ्यायला पुन्हा आत जाणार कोण? दुसरे उजव्या बाजूच्या पुढच्या, कुलूप न लावलेल्या कप्प्यात.

खाद्यपदार्थ खाली नकोत, यावर माझा आग्रह आहे आणि सासूबाईंच्या तांदळाचे उत्तर वजनाइतकेच यातही आहे. डिकीत उंदीर येतो. नळ्या आणि तारा जमिनीतून वर जिथे जातात, तिथली भोके कारखान्यात ढिलाईने बुजवलेली असतात, आणि आपली करंगळी जाईल एवढी फट लहान उंदराला पुष्कळ झाली. त्या फटींत तांब्याची जाळी कोंबून वरून फोम भरावा. लोखंडी काथ्याही चालतो, पण तो गंजतो आणि गंजाचे डाग उतरतात. इंजिनाच्या धुरांड्याची नळी काही कप्प्यांच्या जवळून जाते, त्यामुळे लांबच्या प्रवासात तिथली जमीन तापते. मेणबत्त्या, चॉकलेट आणि तुपाचा डबा यांची तिथे काय अवस्था होते, ते सांगायला नको. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीसारख्या ठिकाणी तर अंधार पडल्यावर मोटारीत खाद्यपदार्थ ठेवायलाच मनाई आहे, कारण अस्वले दारे उपटून काढतात. अशा मुलखात जायचे असेल, तर डिकीला लोणच्याचा वाससुद्धा नसावा.

आता खोक्यांकडे येऊ. कप्प्याचे आतले माप घेऊन खोकी आणणे व्यर्थ आहे. माप घ्यायचे ते दाराच्या चौकटीचे, कारण कडेच्या पत्र्यामुळे आणि रबरामुळे उघडे तोंड आतल्या जागेहून सगळीकडून लहान असते, आणि वरच्या कडेला दार उचलून धरणारे गॅसचे दांडे आणखी जागा घेतात. पुठ्ठ्याचे खोके त्या मापाचे कापून, चिकटपट्टीने जोडून, प्रत्यक्ष आत-बाहेर करून पाहावे आणि मगच प्लास्टिकचे घ्यावे. बाजू उभ्या असलेली खोकी शोधावीत. तळाकडे निमुळती होणारी खोकी दुकानात एकात एक बसतात म्हणून दुकानदाराला सोयीची असतात. डिकीत मात्र दोन खोक्यांच्या मधे खाली पाचरीसारखी जागा वाया जाते. इथे घराघरांत दिसणारे काळ्या रंगाचे आणि पिवळ्या झाकणाचे २७ गॅलनचे मोठे खोके मला पसंत नाही, कारण ते भरले की वाकलेल्या पाठीने, हात लांब करून उचलायचे धाडस करावे लागते. ४० ते ५० लिटरचे खोके आणि त्यात १५ किलोंहून जास्त वजन नाही, हा आमचा नियम आहे. दोन खोकी एकामागे एक ठेवायची असतील, तर मागच्याच्या कडीला पट्टा बांधून तो पुढे आणून ठेवावा. ओढले की येते. सरकते पोलादी ट्रे फार सुखाचे असतात, परंतु वजनाच्या हिशेबात त्यांचे स्वतःचे वजनही धरावे लागते, म्हणून खोल आरपार कप्पा असल्याशिवाय मी ते सुचवणार नाही.

तळाला कारखान्याने लावलेला गालिचा आम्ही उचकटून टाकला. तो ओल धरून ठेवतो आणि त्याखाली लाकूड असेल तर ते फुगते. त्याऐवजी खाचांची रबरी चटई घातली, म्हणजे खोकी घसरत नाहीत आणि सांडलेले पाणी खाचांतून दिसते. कोणतीही वस्तू दारावर रेलून राहता कामा नये. डाव्या वळणावर सामान उजवीकडे झेपावते, दाराची कडी सैल असेल तर दार उघडते, आणि महामार्गावर उघडलेले दार शेजारच्या गाडीला जाऊन लागू शकते. दोन भिंतींत अडकणारा एक आडवा दांडा खोक्यांच्या पुढे लावला की हा प्रश्न मिटतो. दारांची रबरे तपासण्याची युक्ती जुनी आहे: एक डॉलरची नोट रबरावर धरून दार लावायचे आणि नोट ओढायची. ती अडखळत आली तर रबर ठीक, सुळकन आली तर तिथून धूळ आणि पाणी आत येणार. याहून चांगली तपासणी म्हणजे रात्री आत विजेरी पेटती ठेवून दार बंद करायचे आणि प्रकाशाची रेघ कुठे दिसते, हे बाहेरून पाहायचे. आमच्या गाडीत डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात अशी नखाएवढी रेघ दिसली होती. तिथले रबर दाबून चपटे झाले होते, आणि कच्च्या रस्त्यावरून आल्यावर त्याच कोपऱ्यात पिठासारखी बारीक माती का साठते, याचा उलगडा झाला. रबराला वर्षातून एकदा सिलिकॉनचा हात द्यावा. खनिज तेलाचे फवारे मारल्यास ते फुगून खराब होते.

हिवाळ्यात ओहायोचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते, त्यामुळे गाडी झाकून ठेवण्याआधी द्रव म्हणावे असे सारे डिकीतून बाहेर येते: सोड्याचे डबे, साबणाचे द्रावण, डिंक, रंग, वापरलेले आणि म्हणून ओले असलेले पाण्याचे फिल्टर. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या शून्य अंशाखाली चार्ज करू नयेत, तेव्हा गरम होणारा कप्पा नसेल तर त्यांची सोय आधी पाहावी. याच वेळी सगळे सामान गॅरेजमध्ये मांडून एकेक वस्तू घरच्या काट्यावर तोलते आणि दारांच्या आतून लावलेल्या याद्या नव्याने लिहिते. त्या यादीत वस्तूचे नाव आणि तिच्यापुढे किलो असतात. उन्हाळाभर जिला हात लागला नाही ती वस्तू परत चढत नाही, अपवाद फक्त दुरुस्तीच्या आणि जिवाच्या रक्षणाच्या वस्तूंचा. सरपण आम्ही कधीच बाळगत नाही: अ‍ॅश वृक्ष पोखरणारा हिरवा भुंगा २००२ साली मिशिगनमध्ये आणि २००३ साली ओहायोत सापडला, आणि तो दूरवर पसरण्यामागे लोकांनी गावोगाव नेलेल्या लाकडांचा मोठा हात आहे. म्हणून लाकूड मुक्कामाच्या गावी विकत घ्यावे आणि तिथेच जाळून संपवावे. पाऊस आला तर तेवढ्यापुरते ते उजव्या बाजूला मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या, सासूबाईंनी पाहिलेल्या त्या कप्प्यात जाते. निघताना भिजलेल्या खुर्च्या आणि चटईही त्यातच जातात. रिकामा कप्पा ठेवण्याचे कारण विचारणाऱ्यांना मी हे सांगते.

कुलपांबद्दल एक सूचना करायची राहिली. इथल्या बहुसंख्य गाड्यांच्या सामानाच्या दारांना सी. एच. ७५१ या क्रमांकाची एकच किल्ली लागते, आणि ती ऑनलाइन कोणालाही थोडक्या डॉलरांत मिळते; म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या गाडीचा मालक आपल्या किल्लीने तुमची डिकी उघडू शकतो. वेगळ्या किल्लीची, पण आपापसांत सारखी असलेली कुलपे संचाने मिळतात आणि ती बसवायला पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. मागवण्याआधी प्रत्येक दाराचे जुने कुलूप काढून त्याच्या दंडगोलाची लांबी मोजून घ्यावी, कारण दारांच्या जाडीप्रमाणे ती एकाच गाडीत दोन प्रकारची असू शकते.